ब्राउझरमध्ये चालतं, मग अॅपमध्ये का नाही?

प्रश्न : क्लाउडवरच्या उबुंटू सर्व्हरवर सर्टबॉट या टूलनं लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट घेतलं आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं कॉन्फिग हातानं लिहिलं. लॅपटॉपवर क्रोममध्ये साइट नीट उघडते. आमच्या अँड्रॉइड अॅपमध्ये मात्र 'ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड' अशी एरर येते. सर्टिफिकेट पुन्हा काढू का?

उत्तर : अजिबात नको. त्याच नावांचं सर्टिफिकेट 7 दिवसांत 5 वेळाच मिळतं, आणि दोष सर्टिफिकेटमध्ये नाहीच. सर्व्हर सर्टिफिकेटांची साखळी अर्धी पाठवतोय. तुमच्या सर्टिफिकेटवर सही असते ती इंटरमीजिएट या मधल्या सर्टिफिकेटची, आणि त्याच्यावर सही असते रूट या मूळ सर्टिफिकेटची. फोनला ओळखीचं असतं फक्त रूट. मधली कडी मिळाली नाही तर डेस्कटॉपवरचं क्रोम ती स्वतः जाऊन आणतं, म्हणून तिथे सगळं आलबेल दिसतं. अॅप ती आणत नाही.

खात्री करायची तर ओपनएसएसएल या टूलच्या एस-क्लायंट कमांडनं 443 (एचटीटीपीएसच्या) पोर्टला जोडून बघा, सर्व्हरनेम म्हणजे साइटचं नाव द्यायला विसरू नका. शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड' 21 आला, तर कडी गायब आहे. 0 यायला हवा.

आता सर्टबॉटच्या 'लाइव्ह' फोल्डरमध्ये चार फाइली दिसतील : सर्ट (फक्त तुमचं सर्टिफिकेट), चेन (इंटरमीजिएट), फुलचेन (दोन्ही एकत्र), प्रिव्हकी (खासगी किल्ली). कॉन्फिगमध्ये बहुधा 'सर्ट' दिली गेली आहे. तिथे 'फुलचेन' लिहा. प्रिव्हकीची ओळ तशीच राहू द्या. कॉन्फिग टेस्ट करून रीलोड करा, रीस्टार्ट नको. फाइली हातानं जोडत असाल तर आधी आपलं सर्टिफिकेट, मग इंटरमीजिएट. क्रम उलटला तर एनजिनएक्स 'की व्हॅल्यूज मिसमॅच' म्हणून अडून बसतो.

एक काम आजच उरका. सर्टिफिकेट 90 दिवसांचं आहे आणि मुदत संपण्याआधी येणारी मेल लेट्स एन्क्रिप्टनं जून 2025 पासून बंद केली आहे. रिन्यूची ड्राय रन, म्हणजे रंगीत तालीम, चालवा. ती फसली तर आधी फायरवॉलमध्ये 80 (साध्या एचटीटीपीचं) पोर्ट उघडं आहे का ते बघा. 'आता सगळं एचटीटीपीएस' म्हणून ते हमखास बंद केलेलं असतं. रिन्यूनंतर एनजिनएक्स रीलोड होण्यासाठी डिप्लॉय हुक, म्हणजे त्या वेळी आपोआप चालणारी कमांडही लावा, नाहीतर डिस्कवर नवं सर्टिफिकेट आणि लोकांना दिसतंय जुनंच.

प्रश्न : एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडवर मुंबई रीजनमध्ये सर्टिफिकेट 'इश्यूड' आहे, पण क्लाउडफ्रंट या त्यांच्याच सीडीएनच्या (साइट जगभर जवळच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेच्या) यादीत येत नाही.

उत्तर : क्लाउडफ्रंटला नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमधलंच सर्टिफिकेट चालतं, तिथे नव्यानं मागा. मुंबईतलं तिथल्या लोड बॅलन्सरला (ट्रॅफिक सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्याला) उपयोगी पडेल. डोमेन तुमचंच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये टाकलेला सीनेम रेकॉर्ड मात्र काढू नका, आपोआप होणारं रिन्यू त्याच्यावरच चालतं.