एमडीएफवर सागाचे व्हिनियर: शटर वाकले, फुगे आले

शटर का वाकली आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वर्णनावरून कारणाबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमधले वॉर्डरोब, 18 एमएम एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) शटर, म्हणजे दारं, बाहेरून पांढऱ्या फेविकॉलने चिकटवलेले सागाचे कच्चे व्हिनियर (लाकडाचा नुसता पातळ पापुद्रा), आतली बाजू कोरी. काम मे महिन्यातले आणि ऑगस्टमध्ये वरचे-खालचे कोपरे बाहेर आले, मधूनच फुगे. मिस्त्री बोर्डाला दोष देतोय, पण बोर्ड बिचारा ठीक आहे. एकाच बाजूला चिकटवलं, हेच वाकण्याचं खरं कारण.

पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं. अर्ध्या-पाऊण एमएमचं व्हिनियर ते पाणी पिऊन आडवं फुगतं आणि त्याच अवस्थेत चिकटतं. मग वाळताना ते आकसतं आणि उन्हात टाकलेल्या पापडासारखं बोर्डालाही आपल्याकडे ओढतं. त्यात नाशिकचा मे कोरडा ठणठणीत आणि पुढे चार महिने पावसाळी दमट हवा. कोऱ्या मागच्या बाजूने एमडीएफ ओल शोषतं, ती बाजू पसरते आणि वाक आणखी वाढतो. दोन्ही ताण एकाच दिशेचे.

म्हणून नियम साधा आहे: पुढे जे लावाल तेवढ्याच जाडीचं मागेही लावा, त्याच गोंदाने, लाकडाच्या रेषा त्याच दिशेने, शक्यतो एकाच दिवशी. मागे महागडा साग नको, स्वस्त व्हिनियर चालतं. पॉलिशचे कोटही दोन्हीकडे सारखे. आतून नुसता एक हात सीलर (पॉलिशआधीचा थर) मारून भागत नाही. आपल्याकडे पुढे 4 एमएमचं व्हिनियर प्लाय (व्हिनियर आधीच चिकटवलेलं प्लायवूड) आणि आत पातळ लायनर लॅमिनेट (सनमायकासारखा पत्रा) लावायची पद्धत आहे. छोट्या ड्रॉवरला ती खपून जाते, सात फुटी शटरला नाही.

आता दुरुस्ती. घाई करू नका, पाऊस संपून हवा कोरडी होऊ द्या. मग शटर उतरवून सपाट ठेवा आणि मागे व्हिनियर चढवा. वाक बराच उतरेल. पूर्ण जाईलच असं वचन मी देणार नाही; राहिलेला थोडा फरक बिजागरीच्या स्क्रूवर जुळवता येतो.

फुग्यांसाठी आधी नखाने टकटक करत पूर्ण शटर तपासा. पोकळ आवाज येईल तिथे पेन्सिलने खूण करा, कारण डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा फुगे जास्त असतात. धारदार पात्याने रेषेच्या दिशेनेच बारीक चीर द्या, इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद आत सोडा, बोटाने दाबून जास्तीचा बाहेर काढा आणि ओल्या फडक्याने लगेच पुसा. वर बटर पेपर, त्यावर सपाट तुकडा आणि रात्रभर वजन. आडवी चीर कधीही देऊ नका, ती पॉलिशखाली कायमची दिसते.

पुढची शटर नव्याने करणार असाल तर दोन-तीन गोष्टी. साग तेलकट लाकूड आहे, त्यामुळे चिकटवायच्या जरा आधी व्हिनियरची मागची बाजू थिनरच्या फडक्याने पुसून सुकू द्या. गोंद फक्त बोर्डावर लावा, रोलरने, पातळ आणि सारखा. व्हिनियरला लावलात तर ते हातातच गुंडाळतं. कच्च्या व्हिनियरला एसआर 998 सारखं रबरी गोंद मी कधीच सुचवणार नाही. सागाची छिद्रं मोकळी असतात, पॉलिशचं थिनर त्यातून खाली उतरतं आणि पकड सैल करतं. शिवाय रबरी थर लवचीक राहतो, लाकूड हलत राहतं. दाब देताना मधून कडांकडे या, म्हणजे हवा अडकत नाही. प्रेस असलेलं वर्कशॉप मिळालं तर तिथेच करून घ्या, हातच्या क्लॅम्पला तो एकसारखा दाब जमत नाही. क्लॅम्प सोडल्यावर शटर भिंतीला चिकटवून ठेवू नका, दोन्ही बाजूंना वारा लागेल असं उभं करा.

आणि घासाईला मशीन नको. व्हिनियर इतकं पातळ असतं की कडेला क्षणभर जास्त रेंगाळलं तरी खालचं तपकिरी एमडीएफ उघडं पडतं, आणि त्यावर इलाज नाही. हाताने 180, मग 240 नंबरचा पेपर, सपाट ठोकळ्यावर गुंडाळून, रेषेच्या दिशेने. कडांना आधीच सागाची लाकडी पट्टी लावून घेतलीत तर तिथे हात निर्धास्त चालतो, आणि एमडीएफची कड ओलही पीत नाही.