चारचौघांत बोलले ते काका

प्रश्न: जय ख्रिस्त ताई. आमची चर्चची मंडळी छोटी आहे, सगळे एकमेकांचे नातेवाईक नाहीतर शेजारी. कॅरोलच्या प्रॅक्टिसला पंचांपैकी एक काका सगळ्यांसमोर मला म्हणाले, जमत नसेल तर जागा सोड. तेव्हापासून मी चर्चला गेलेच नाही. पण हेच काका पप्पा आयसीयूत होते तेव्हा रात्रभर बाहेर बाकावर बसून होते. अशा माणसावर प्रेम कसं करायचं?

उत्तर: अगं, राग आला ते बरोबरच आहे. ते मोठे आहेत म्हणून चूक लहान होत नाही. लग्नात आपण बायबलमधला 1 करिंथ 13 वाचतो ना, प्रीतीचा अध्याय, तो प्रेषित पौलाने नवरा-नवरीसाठी लिहिलाच नव्हता, करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिला होता. करिंथची मंडळी म्हणजे नुसती भांडणं, पुढाऱ्यांच्या नावाने गट, कोणी पौलाचा कोणी अपुल्लोसाचा कोणी केफाचा म्हणजे पेत्राचा, एकमेकांवर कोर्टात केसेस, प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा पिऊन तर्र. त्या लोकांना तो अध्याय लिहिलाय! मला यातून फार धीर येतो.

आणि खुद्द पौलाचं बघ, सुवार्तेच्या प्रवासातला सोबती मार्क पंफुल्या प्रांतातून अर्ध्यात सोडून गेला म्हणून पुढच्या प्रवासात मार्कला न्यायचं नाही यावर पौलाचं आपल्या जोडीदार बर्णबाशी एवढं वाजलं की दोघं वेगळ्या वाटांनी गेले (प्रेषितांची कृत्ये 15). पुढे आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला लिहिताना मात्र तोच पौल सांगतो, मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे. मध्ये कितीतरी वर्षं गेली, तेव्हा तुझा राग आठवड्यात गेला नाही तर मनाला लावून घेऊ नकोस.

पण काकांना भेट. उपासनेनंतर चहाच्या गर्दीत नको, घरी जा, एकटी जा, मत्तय 18 मध्ये येशू पहिली पायरी हीच सांगतो. लागलं ते सरळ सांग, आणि पप्पांच्या वेळचं बाकावर बसणंही सांग, दोन्ही खरंच आहे ना. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, पाळकसाहेब चालतील. प्रेम म्हणजे सगळं पोटात घालणं असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. हा अपमान माफ करता येईल, पण पैशाची अफरातफर किंवा लेकरांना त्रास असता तर मी तुला थेट पोलिसातच जा म्हटलं असतं.

चर्च मात्र सोडू नकोस, हवं तर थोडे दिवस मागच्या बाकावर बस. भेटून आलीस की ते काय म्हणाले ते मला नक्की लिही.