पाहणी उन्हाळ्यात होऊ देऊ नका

तुमची पोस्ट वाचून जुनी जखम उघडी पडली. गावामागच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) कंदीलपुष्प, म्हणजे खरपुडी ही दुर्मीळ कंदवर्गीय वनस्पती, सापडलंय, तिथेच वृक्षलागवड ठरलीय आणि कार्यालय म्हणतंय, 'एप्रिलमध्ये येऊन बघू.' माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं.

अर्ज, गट नंबर, पोच हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी फक्त तारखेबद्दल सांगतो.

एप्रिलची पाहणी मी मान्य केली, ही माझी सगळ्यात मोठी चूक. कुणीतरी यायला तयार झालं, यातच मला समाधान वाटलं. खरपुडी पावसाला सुरुवात झाली की कंदातून वर येते, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते, शेंगा धरते आणि मग जमिनीवरचं सगळं वाळून जातं. एप्रिलमध्ये वर दिसतो तो नुसता कातळ आणि पिवळं गवत. साहेब आले, दहा मिनिटं फिरले. पंचनाम्यात लिहिलं, 'जागा खडकाळ, पडीक. दुर्मीळ वनस्पती आढळून आली नाही.' खाली कंद आहेत, असं मी सांगत राहिलो, पण उकरून दाखवायला हात धजला नाही. सही मात्र करून बसलो.

त्यानंतर प्रत्येक अर्जाला उत्तर म्हणून तोच कागद. पावसाळ्यातले फोटो दिले, तर 'ते याच जागेचे कशावरून?' मे महिन्यात लागवडीचे खड्डे पडले. जिथे मी खरपुडीची सत्तरच्या वर झाडं मोजली होती, तिथे पुढच्या पावसात चार उगवली. लावलेली रोपंही वाळली, वीतभर मातीत दुसरं काय होणार! सड्याला पडीक म्हणणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

चार उरली, हेही पुरेसं नाही. या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेली माशी अडकते, केस कोमेजले की परागपुंज घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. ते दुसरं फूल जवळपास हवं ना!

म्हणून पाहणी फुलांच्या दिवसांतच व्हावी, असं लेखी मागा. तोपर्यंत काम थांबवायची विनंतीही त्याच अर्जात करा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून (२००२च्या कायद्यात तिची तरतूद आहे) लोक जैवविविधता नोंदवहीत नोंद करून घ्या. मी वकील नाही, वनस्पतिशास्त्रज्ञही नाही. जमीन वनखात्याची की महसूलची, यावर बरंच बदलतं, ते आधी बघा.

कंद उचलून कुंडीत लावायचा सल्ला कुणीतरी दिलाय. माझा त्याला साफ विरोध आहे. अभ्यासक रोपं तयार करतात ते वेगळं, तुम्ही-आम्ही खणून आणायचं वेगळं. ओळख पटवायला फूल चिरूही नका. पानांचा आणि फुलाच्या टोकाचा स्पष्ट फोटो जाणकाराला दाखवा.

आणि तुमच्या दुसऱ्या फोटोत मागे देवळाचा कळस दिसतोय. तो फोटो आजच काढून टाका, कंद खणणाऱ्याला तेवढी खूण पुरते.