लेकीच्या कंपासपेटीतली टेप

प्रश्न : ताई नमस्कार, मी फोंडा तालुक्यात राहते. लेक 13 वर्षांची, आठवीत. गणेश चवथीला माझी आई डिचोलीहून आली, दारातच नातीला बघून म्हणाली, "कितें गो, मोटी जाल्या मगो!" (काय गं, जाडी झालीस की!) सगळे हसले, मी पण हसले. त्या दिवशी पोरीने नेवरीला (करंजीला) हात लावला नाही, पातोळी पानासकट बाजूला सारली, आता दुपारचा भातही बंद, हुमणातला (माशांच्या कालवणातला) बांगडा तेवढा उचलते आणि रात्री "भूक नाही" म्हणून खोलीत जाते. परवा कंपासपेटीत शिवणाची टेप सापडली आणि वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने कमरेचे आकडे, तारखांसकट. मला घामच फुटला, कारण टेप माझ्या आईची. लहानपणी चवथीचा फ्रॉक शिवायच्या आधी आई ह्याच टेपने माझी कंबर मोजायची आणि शेजारणींना आकडा सांगायची, वर "हिला कोण करून घेणार" म्हणायची. लग्नाआधी दोन महिने मी जवळजवळ पेजेवर काढलेत, आजही रात्री जेवत नाही, सवयच झालीय. पण पोरीला मी कधी एका शब्दाने बोलले नाही हो. आईला बोलायचा धीर होत नाही, तिची सत्तरी झाली. काय करू?
एक आई, फोंडा

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईशी काय बोलायचं ते नंतर बघू, आधी पोरीची तब्येत. तिला चक्कर येते का, हात गार पडतात का, केस जास्त गळतायत का, पाळी सुरू झाली असेल तर चुकतेय का, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ लावते का, हे बघा. यातलं एक जरी दिसलं तर ह्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, आणि काहीच दिसलं नाही तरी भात बंद करून रोज कंबर मोजणाऱ्या मुलीला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्याच. जायच्या आधी फोन करून सांगा की वजन करताना तिला काट्याकडे पाठ करून उभं करा आणि आकडा तिच्यासमोर मोठ्याने वाचू नका. मनावर जास्त झालंय असं वाटलं तर मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, तुम्ही स्वतःसाठी पण फोन करू शकता.

आता ती "मोटी" का दिसली ते. ह्या वयात मुलीचं अंग भरतं, कंबर-मांड्यांवर चरबी येते, ती यायलाच हवी, पाळी सुरू व्हायला आणि ती नियमित राहायला शरीराला तो साठा लागतो. मोठेपणीच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग ह्या वाढीच्या वर्षांतच चढतो. बऱ्याच मुली आधी भरतात आणि मग उंच होतात, आणि नेमकं त्या मधल्या वर्षात कोणीतरी मावशी, काकी, आजी दारात उभी असते. तिने मोबाईलवर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढून बघितला असेल तर सांगा की मोठ्या माणसांचे ते कप्पे तिला लावायचेच नाहीत. मुलांसाठी वयाप्रमाणे वाढीचे तक्ते असतात, आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षांच्या मुलांचे काढलेत, डॉक्टर तेच बघतील.

बीएमआयला ते नाव 1972 मध्ये ॲन्सेल कीज नावाच्या अमेरिकन संशोधकाने दिलं. ह्याच माणसाने 1944-45 मध्ये मिनेसोटात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं उभं करायचं ते शिकायला. ते तरुण चिडचिडे झाले, एकटे राहायला लागले, ताटं चाटायला लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. म्हणजे उपाशी पोटी मन चोवीस तास खाण्यातच अडकतं. उद्या तुमच्या लेकीने रात्री गुपचूप डबा उघडून नेवऱ्या संपवल्या तर ती हावरट नाही, तिची भूक बोलतेय, तेव्हा कृपा करून ओरडू नका.

आता थोडं कडू लागेल ते. तुम्ही तिला एका शब्दाने बोलला नाहीत, खरंय, पण ती तेरा वर्षं रोज रात्री सगळ्यांना वाढणारी आणि स्वतःचं ताट न घेणारी आई बघतेय. "भूक नाही" हे वाक्य तिने आजीकडून नाही उचललं. तुमची ह्यात चूक आहे असं मी म्हणत नाहीय, तुम्हाला कोणी दुसरं शिकवलंच नाही, तुमच्या आईलाही नाही. बघायला येणारे लोक मुलीला उभी करून, चालायला लावून पारखायचे त्या काळातली ती बाई, लेक नाकारली जाईल ह्या धास्तीने टेप घेऊन बसायची. ती धास्ती मला समजते. पण ज्या फ्रॉकसाठी कंबर मोजली तो घालताना तुम्हाला कसं वाटलं असेल ते आठवून मला आज तुमच्यासाठी वाईट वाटलं.

म्हणून आज रात्रीपासून तुम्ही जेवायला बसा. तिच्या शेजारी, भात-हुमण, कमी असलं तरी चालेल, पण ताट हवं. तिच्या ताटाकडे बघू नका, किती खाल्लं ते मोजू नका, शाळेचं, मैत्रिणींचं काहीही बोला. एक-दोन दिवसांनी दोघीच असताना सांगा, "चवथीला आजी बोलली तेव्हा मी हसले, ते माझं चुकलं. मला लहानपणी तसंच बोललेलं लागायचं आणि तरी मी हसले." मला वाटतं पोरीला आजीच्या शब्दापेक्षा ते हसणं जास्त लागलंय, कारण आजी चार दिवसांनी गेली, आई घरातच आहे. टेप सापडली हे लपवू नका, हिसकावूनही घेऊ नका, ती कोणाची आणि तिने तुमची कंबर कशी मोजली जायची ते सगळं सांगा. मग टेप ती स्वतः देतेय का बघा. लगेच नाही दिली तर थांबा.

आणि आईला फोन पुढच्या सणाच्या आधीच करा, दारात नाही. भांडण नको, एवढंच म्हणा, "आई, पोरगी जेवायची थांबलीय, मला भीती वाटतेय. तिच्या अंगाबद्दल आपण कोणीच काही बोलायचं नाही, चांगलंही नाही, वाईटही नाही. तुझ्या हातच्या पातोळ्या तिला आवडतात, हळदीची पानं घेऊन ये आणि तिला शेजारी बसवून करायला शिकव." सत्तरीतली बाई नातीसाठी ऐकते, नाही ऐकलं आणि परत तोंडातून गेलंच, तर ह्या वेळी हसू नका, तिथल्या तिथे पोरीच्या देखत म्हणा, "आई, आमच्या घरात असं बोलायचं नाही."