एकच नाव, दोन देश, दोन वेगळ्या गाड्या

प्रश्न : नोकरीनिमित्त मी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात राहतो. गेल्या वर्षी येथे १९५९ ची पाँटिॲक लॉरेन्शियन विकत घेतली. दुरुस्तीसाठी अमेरिकेतून त्याच सालच्या पाँटिॲकचे ब्रेक आणि मागचा ॲक्सल मागवला, पण त्यांतले काहीही बसले नाही. मेकॅनिक म्हणतात की इंजिनही पाँटिॲकचे नसून शेव्हरोलेचे आहे. दोन गाड्यांचे भाग जोडून केलेली गाडी माझ्या गळ्यात मारली गेली आहे काय?
– एक वाचक, ऑन्टारिओ

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून तरी तसे दिसत नाही. शेव्हरोलेचे इंजिन हीच आपल्या गाडीच्या अस्सलपणाची खूण आहे. पाँटिॲक आणि शेव्हरोले ही दोन्ही नावे जनरल मोटर्स या एकाच कंपनीची. कॅनडात ओशावा येथे तयार झालेल्या पाँटिॲकला बाहेरून पाँटिॲकचे रूप असे, परंतु तिची चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, ब्रेक आणि ॲक्सल शेव्हरोलेचे असत, आणि ही जोडणी कोणा गॅरेजवाल्याने नव्हे, तर खुद्द कारखान्यानेच केलेली असे.

अमेरिकेत १९५९ च्या पाँटिॲकची सारी जाहिरात चाकांमधील वाढवलेल्या रुंदीवर उभी होती आणि तिच्यात ३८९ घनइंचांचे पाँटिॲकचे स्वतःचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवलेले होते. तेथील कॅटलिना मॉडेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर, १२२ इंच, तर कॅनडातील गाडीचा शेव्हरोलेप्रमाणे ११९ इंच होता. कॅनडातील गाडीत २६१ घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन मूळ किमतीत मिळे आणि जास्तीचे पैसे भरल्यास शेव्हरोलेचेच २८३ किंवा ३४८ घनइंचांचे आठ सिलिंडरचे इंजिन घेता येई. अरुंद चेसिसवर रुंद शरीर बसवल्यामुळे या गाडीची चाके मडगार्डच्या बरीच आत गेलेली दिसतात. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर हा फरक न सांगताही कळतो. अमेरिकन संग्राहक यावरून कॅनडाच्या गाडीला कमी लेखतात, ते मला मान्य नाही. साधे, टिकाऊ आणि कोठेही दुरुस्त होणारे इंजिन ही लहान गावांच्या आणि लांब हिवाळ्यांच्या देशात उणीव ठरत नाही.

हे असे का झाले, याचे मूळ जकातीत आहे. अमेरिकेतून तयार येणाऱ्या गाडीवर कॅनडाचे सरकार मोठी जकात घेई आणि कॅनडात गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना सवलत हवी असल्यास मालाचा ठरावीक हिस्सा कॅनडात किंवा राष्ट्रकुलात तयार झालेला असावा लागे. १९६१ मध्ये कॅनडाची लोकसंख्या जेमतेम पावणेदोन ते दोन कोटींच्या दरम्यान, म्हणजे अमेरिकेच्या सुमारे एक दशांश होती. एवढ्या लहान बाजारपेठेसाठी पाँटिॲकच्या इंजिनाचा आणि चेसिसचा वेगळा कारखाना उभारणे परवडणारे नव्हते. म्हणून एकाच यंत्रसामग्रीवर दोन नावांच्या गाड्या घडवल्या गेल्या.

याला विक्रेत्यांच्या गरजेचीही जोड मिळाली. विरळ वस्तीच्या भागात प्रत्येक विक्रेत्याला स्वस्त आणि महाग अशा दोन्ही गाड्या हाताशी हव्या असत. त्यामुळे फोर्डने आपल्याच महागड्या मर्क्युरी गाडीच्या विक्रेत्यांसाठी १९४९ पासून फोर्डवरच बेतलेली मेटिऑर आणली, तर फोर्डच्या विक्रेत्यांना मर्क्युरीवर बेतलेली मोनार्क दिली. मर्क्युरी नावाचे मालवाहू ट्रकही कॅनडात विकले गेले. क्रायस्लरने कॅनडातील विंडसरच्या कारखान्यात आपल्याच प्लिमथ गाडीच्या शरीराला आपल्याच डॉज गाडीचा दर्शनी भाग जोडला. पाँटिॲकच्या विक्रेत्यांना १९६२ पासून लहान शेव्हरोलेवर आधारलेली अकेडियन मिळाली.

या नावांकडे आपण जरूर लक्ष द्यावे. लॉरेन्शियन हे नाव क्वेबेकमधील डोंगररांगेवरून आले आहे. मेटिऑरच्या मॉडेलांपैकी रिडो हे ओटावाच्या कालव्याचे आणि माँटकाम हे फ्रेंच सेनापतीचे नाव आहे. अकेडियन म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचे फ्रेंच वसाहतकार. त्या गाडीच्या चिन्हात मेपलचे पानही होते. यंत्र शेजारच्या देशातून आलेले असले, तरी गाडीला आपल्या भूमीचे नाव द्यावे ही त्यामागची भावना मला फार मोलाची वाटते.

१६ जानेवारी १९६५ रोजी कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी टेक्सासमध्ये वाहन-करारावर सह्या केल्या, कंपन्यांना अटींसह सीमेपलीकडे जकातमुक्त व्यापार करता येऊ लागला आणि वेगळ्या गाड्यांचे कारण हळूहळू संपत गेले. तरीही पाँटिॲकची पारिजिएन ही कॅनडाची गाडी टिकून राहिली, इतकेच नव्हे, तर १९८३ मध्ये अमेरिकेतील पाँटिॲकच्या विक्रेत्यांना मोठी गाडी हवी झाली, तेव्हा तीच तिकडे पाठवली गेली.

यापुढे इंजिन, ब्रेक, ॲक्सल व सस्पेन्शनचे भाग १९५९ च्या मोठ्या शेव्हरोलेचे म्हणून मागवावेत. पत्र्याचे भाग आणि क्रोमच्या पट्ट्या मात्र मोजमाप ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांसाठी कॅनडातील जुन्या गाड्यांचे भंगारवालेच अधिक उपयोगी पडतील.

प्रश्न : आमच्या आजोबांची १९३६ ची फोर्ड व्ही-८ आजही घरी आहे. फोर्ड ही अमेरिकन कंपनी असताना गाडीवरील पट्टीवर कॅनडाचे नाव कसे?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : ती पट्टी खरी असावी. १९०४ मध्ये डेट्रॉइट नदीच्या पलीकडे, आजच्या विंडसर शहराचा भाग असलेल्या वॉकरव्हिल येथे फोर्डची कॅनडातील कंपनी स्थापन झाली. ब्रिटन आणि आयर्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्यातील देशांत फोर्ड विकण्याचे हक्क तिच्याकडे होते. १९२६ मध्ये स्थापन झालेली फोर्डची भारतीय कंपनी हीसुद्धा या कॅनडातील कंपनीचीच उपकंपनी होती. म्हणून आपल्याकडच्या त्या काळातील अनेक फोर्ड गाड्यांचे मूळ डेट्रॉइटमध्ये नव्हे, तर नदीच्या पैलतीरावर आहे.

या गाड्यांचे इंजिन अमेरिकन व्ही-८ सारखेच आहे. परंतु सुकाणू उजवीकडे असल्याने स्टिअरिंगची पेटी, पेडलांची जोडणी आणि डॅशबोर्ड हे भाग निराळे आहेत. ते अमेरिकेत शोधण्याऐवजी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेत शोधावेत, कारण तेथेही त्याच कॅनडातील कंपनीच्या उजव्या सुकाणूच्या गाड्या गेल्या होत्या.