दगडी फार्महाऊस पाहायला शिकताना

दगडी फार्महाऊस बघायला उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या दऱ्याखोऱ्यांच्या भागापासून सुरुवात करताय, उत्तम! शैलींची नावं पाठ करत बसू नका, आधी भिंत नीट बघा.

- दारावरच्या दगडात साल आणि आद्याक्षरं दिसली की नवखे घराचं वय ठरवून मोकळे होतात. ते साल लग्नाचं किंवा नंतरच्या दुरुस्तीचंही असू शकतं.
- उभ्या दगडी पट्ट्यांनी विभागलेल्या बुटक्या खिडक्या बहुधा सतराव्या शतकातल्या. वर-खाली सरकणाऱ्या उंच खिडक्या नंतरच्या. एकाच भिंतीत दोन्ही असतील तर दगडांच्या थरांत उभा सांधा शोधा. घर कुठे वाढवलं ते बरेचदा तिथेच कळतं.
- 1696च्या खिडकी-करात खिडक्यांच्या संख्येवर कर लागायचा, तो वाचवायला लोक खिडक्या बुजवत. पण प्रत्येक बुजवलेल्या खिडकीचं खापर त्या करावर फोडू नका. आत नुसता जिनाही आलेला असतो.

छपराची लाकडं नंतर बघा. आणि हो, तिथे माणसं राहतात. विचारल्याशिवाय फाटक उघडू नका.