मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस (शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिले जाणारे औषध) चालू असताना पक्षाघात झाला, तर फिट येण्याचा धोका वाढतो का?

होय, वाढू शकतो. पक्षाघातामुळे मेंदूला झालेली इजा हेच मुळात फिट येण्याचे एक कारण असते. त्यात टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढली, मॅग्नेशियम घटले किंवा रक्तदाब फार चढला, तर धोका आणखी वाढतो. मायकोफेनोलेट या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाबाबत ही भीती बरीच कमी आहे.

माझ्या मते खरी काळजी फिटचे औषध निवडताना घ्यावी. फेनिटॉइन व कार्बामॅझेपिन ही फिटची औषधे टॅक्रोलिमसचे यकृतातील विघटन वेगवान करून त्याची पातळी खाली आणतात आणि शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्याची शक्यता निर्माण होते, म्हणून डॉक्टर बहुधा लेव्हेटिरॅसिटॅम देतात, तेही मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा ठरवून. कृपया टॅक्रोलिमस स्वतःहून बंद करू नका. तीव्र डोकेदुखी, अंधुक दृष्टी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठा.